लुआंग प्रबांगचा भात

लुआंग प्रबांगला पोचलेल्या प्रवाशाला पहिल्याच संध्याकाळी, खोलीची किल्ली हातात पडते न पडते तोच, एक प्रश्न विचारला जातो. इंग्रजीतल्या त्या दोन-तीन शब्दांचे मनातल्या मनात मराठी केले की वाक्य होते : 'उद्या पहाटे भिक्षेला येणार का?' विचारणारा कधी गेस्टहाउसवाला असतो, कधी टुकटुकवाला, कधी सहलींची तिकिटे विकणाऱ्या टेबलामागची मुलगी. मराठी कानाला या वाक्याचा जो अर्थ लागतो तो त्यांच्या मनात अर्थातच नसतो. त्यांना म्हणायचे असते, भिक्षा पाहायला येणार का. आणि आणखी थोडे पैसे मोजायची तयारी असेल तर, घालायला येणार का. चटई, भाताची टोपली, खांद्यावरून घ्यायचा पट्टा, सगळे तयार मिळते. आम्ही दोघे त्या गावात चार दिवस राहिलो. पाहण्यासारखे पुष्कळ होते आणि त्यातले बरेचसे आम्ही पाहिलेही. पण त्या चार दिवसांचा खरा विषय हा एक प्रश्नच होऊन बसला.

उत्तर लाओसमधले हे गाव मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावर, दोन पाण्यांच्या मध्ये जिभेसारख्या पुढे आलेल्या जमिनीवर वसले आहे. फा बांग नावाच्या बुद्धमूर्तीवरून त्याचे नाव पडले. १९७५ च्या डिसेंबरात राजेशाही संपेपर्यंत राजवाडा इथेच होता. आता त्याचे संग्रहालय झाले आहे. १८९३ पासून फ्रेंचांची सत्ता आली आणि उतरत्या छपरांच्या विहारांशेजारी लाकडी झडपांच्या खिडक्यांची घरे उभी राहिली. हे मिश्र रूप जपण्यासारखे आहे असे १९९५ साली युनेस्कोने ठरवले आणि ते जपलेही गेले. गाव देखणे आहे, याबद्दल वाद नाही. इतके देखणे की पहिल्या दिवशी आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यात चपला घालून हिंडत आहोत असे वाटत राहते.

आम्ही आलो बोटीने. थायलंडच्या सीमेवरच्या हुआय साय या गावाहून निघणारी संथ बोट दोन दिवस मेकाँगवरून चालते. मधली रात्र पाकबेंग नावाच्या खेड्यात काढावी लागते. २०२१ च्या डिसेंबरात चीनच्या सीमेपासून व्हिएन्तियानपर्यंतची रेल्वे सुरू झाल्यापासून लुआंग प्रबांगला पोचण्याचा जलद मार्ग उपलब्ध आहे, तरी पाठीवर पिशवी टाकून हिंडणारे लोक ही बोट सोडत नाहीत. बोटीत अशी साठ-सत्तर माणसे होती. त्यांच्या बोलण्यात सगळ्यात मोठी फुशारकी होती ती कमी खर्चाची : कुठे किती स्वस्तात झोपलो, रस्त्यावर किती थोडक्यात जेवलो, कुणाशी किती घासाघीस केली. आम्हीही त्यात मागे नव्हतो. ऐपत असताना काही आठवडे गरिबीने राहण्याचा हा शौक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला आणि आग्नेय आशियातली कितीतरी गावे त्यावर उभी राहिली. त्याचे शेवटचे टोक म्हणजे बँकॉक, क्वालालंपूरसारख्या शहरांत पदपथावर बसून, जगप्रवासाला मदत करा अशी पाटी पुढे ठेवणारे युरोपीय तरुण. स्थानिक लोक त्यांच्यावर चिडतात, आणि ते योग्यच आहे. 'भिक्षू' या शब्दाचा मूळ अर्थ भीक मागणारा असाच आहे, हे मात्र अशा वेळी आठवल्याशिवाय राहत नाही.

शब्दांचे निघालेच आहे म्हणून. लाओ भाषेत या पहाटेच्या विधीला 'ताक बात' म्हणतात. 'बात' म्हणजे आपले पात्र. भात वाढून जे पदरात पडते ते 'बुन', म्हणजे पुण्य. विहारातल्या दीक्षागृहाला 'सिम' म्हणतात. तो शब्द 'सीमा' वरून आला. रामकथाही इथे आहे, पण तिचे नाव 'फ्रा लाक फ्रा लाम', म्हणजे लक्ष्मणाचा उच्चार आधी. अशी नाती सापडली की मराठी प्रवाशाला घरी आल्यासारखे वाटू लागते, आणि मग हे सगळे आपल्याकडूनच तर इकडे आले अशी एक सुखद गुर्मी चढते. प्रवासवर्णनांतून ती पुष्कळ वाचायला मिळते. शब्द आले हे खरे. त्यांचे पुढे काय झाले हे पाहायला पहाटे उठावे लागते.

पहिल्या पहाटे आम्ही नुसतेच पाहायला गेलो. जानेवारी होता, धुके होते, आणि लाओसमध्ये एवढी थंडी असेल अशी आमची तयारी नव्हती. मुख्य रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांच्या रांगा मांडलेल्या होत्या. मोठ्या व्हॅनमधून प्रवासी उतरत होते, त्यांच्या हातांत टोपल्या दिल्या जात होत्या, खांद्यांवर पट्टे टाकले जात होते. भाताबरोबर वेष्टनातली बिस्किटे आणि गोळ्याही विकायला होत्या. अंतर राखा, फ्लॅश वापरू नका, भिक्षूंना स्पर्श करू नका, अशा सूचना लिहिलेल्या होत्या. त्या वाचण्याइतका उजेड अजून झालेला नव्हता असे समजून आम्ही त्या जमावाला माफ केले. मग भिक्षू आले. एकेका विहाराची एकेक रांग, वयाने मोठे पुढे आणि लहान श्रामणेर मागे, अनवाणी, खांद्याला अडकवलेले पात्र, त्याचे झाकण हाताने किंचित सरकवलेले. त्यांची चाल अपेक्षेपेक्षा बरीच वेगवान होती. देणाऱ्याने चिमूटभर भात टाकेपर्यंत पुढचे पात्र समोर येते. कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही. आभार मानत नाही. देणाऱ्याला पुण्य कमावण्याची संधी मिळते आहे, तेव्हा आभार मानायचेच असतील तर त्याने मानावेत, असा यातला विचार आहे.

छायाचित्र काढणारे मात्र रांगेच्या पुढे पळत जाऊन, वाकून, मागे मागे चालत होते. पंधरा-वीस मिनिटांत सगळे आटोपले आणि स्टुले एकात एक घालून उचलली गेली.

परत येताना आम्ही दोघेही गप्प होतो, आणि लक्षात आले की वेगवेगळ्या कारणांनी गप्प आहोत.

आम्ही उतरलो होतो ते गेस्टहाउस मुख्य रस्त्यापासून दूर, नाम खानच्या अंगाला होते. मालकीणबाई सत्तरीच्या आसपासच्या. येणारेजाणारे त्यांना 'मे' म्हणत, म्हणजे आई. आम्हीही म्हणू लागलो. त्यांची नात इंग्रजी बोलत असे आणि तिच्यामार्फत आमचे बोलणे होई. बाई रोज पहाटे चारला उठून भात लावीत. इथला भात म्हणजे चिकट तांदळाचा, रात्रभर भिजवलेला, बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत वाफेवर शिजवलेला. आपल्या मऊ भाताशी त्याचे काही नाते नाही. तो हाताने गोळा करून खायचा असतो आणि झाकणाच्या छोट्या टोपलीत दिवसभर राहतो. बाई तो घेऊन बोळाच्या तोंडाशी चटईवर गुडघे टेकून बसत. तिथे शेजारच्या आणखी चार-पाच बायका असत. व्हॅन त्या बोळात शिरत नाहीत.

बाईंच्या सांगण्यावरून आम्हांला दोन गोष्टी कळल्या, ज्या मुख्य रस्त्यावर उभे राहून कळल्या नसत्या. पहिली अशी की त्या जिभेसारख्या जुन्या गावातली बरीच घरे आता गेस्टहाउसे, उपाहारगृहे, दुकाने झाली आहेत. मूळ माणसे ती भाड्याने देऊन पलीकडे राहायला गेली. घरे जपली गेली, पण त्यांतून पहाटे भात घेऊन बाहेर येणारे हात कमी झाले. विहार तिथेच आहेत, श्रामणेर तिथेच आहेत. तेव्हा स्टुलांवर बसलेल्या प्रवाशांना हसून विषय संपत नाही; हटवलेल्या लोकांच्या जागी तेच बसले आहेत. दुसरी गोष्ट २०२० च्या साथीच्या काळातली. देशाच्या सीमा दोन वर्षे बंद होत्या, २०२२ च्या मे महिन्यात पूर्ण उघडल्या. त्या काळात पाहायला कुणीच नव्हते. मग कसे चालायचे, असे आम्ही विचारले. नातीने प्रश्न पोचवला तेव्हा बाईंना तो नीटसा कळला नाही. कळल्यावर त्या म्हणाल्या, भात तर रोजच शिजतो.

या विधीने याहून अवघड दिवस पाहिले आहेत. १९७५ नंतर नव्या राजवटीने भिक्षादानावर निर्बंध आणले होते. भिक्षूंनी स्वतः श्रम करावेत अशी भूमिका होती. लोकांच्या नाराजीपुढे ते निर्बंध लवकरच मागे घ्यावे लागले. क्रांतीला जे जमले नाही ते पर्यटन करून दाखवील की काय, असा एक चमकदार विचार आमच्या मनात आला होता. बाईंच्या त्या उत्तरानंतर आम्ही तो सोडून दिला.

आता वादाकडे येतो. तो दुसऱ्या संध्याकाळी, नाम खानच्या काठावर, बीअरलाओच्या एका बाटलीवर झाला, आणि त्याची सुरुवात अगदी साध्या वाक्याने झाली : "मे बसतात तिथे उद्या आपणही बसू या." त्यावर उत्तर आले : "आपण म्हणजे कोण?"

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे, तो सगळ्या भाषांत नाही. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. परदेशात हिंडणाऱ्या जोडप्याच्या तोंडी दिवसभर 'आपण' असते : आपण जाऊ, आपण खाऊ, आपल्याला परवडणार नाही. त्या संध्याकाळी हा शब्द पहिल्यांदा अडला.

कारण सांगायला घरांची हकिगत सांगावी लागेल. आमच्यापैकी एका घरातले आजोबा कोकणातून पुण्याला शिकायला आले आणि माधुकरी मागून शिकले. झोळी घेऊन ठरलेल्या पाच घरी जायचे, जे मिळेल ते आणायचे, काही वार कुणाकडे तरी लावलेले असायचे. पुढे ते शिक्षक झाले. त्यांच्या माधुकरीची गोष्ट त्या घरात सणासुदीला सांगितली जाते. तीत कष्ट आहेत, थोडा विनोद आहे, आणि अभिमान तर पुरेपूर आहे. घरातल्या प्रत्येक मुलाच्या मुंजीत भिक्षावळ होते आणि तेव्हा ती गोष्ट हटकून निघते.

दुसऱ्या घरातल्या आजोबांचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका गावी येसकर होते. येसकराची पाळी असली की काठी घेऊन घरोघर हिंडायचे, दाराबाहेर उभे राहून हाक द्यायची, आणि वरून टाकलेली भाकरी घोंगड्याच्या खोळीत झेलायची. आजोबा लहानपणी बापाबरोबर जात. ही गोष्ट त्या घरात कुणी सांगितली नाही. आजोबांनी तर कधीच नाही. ती कळली 'बलुतं' वाचल्यावर, आणि तेही अंदाजाने, आजोबांच्या एका सवयीचा अर्थ मागाहून लागला म्हणून. ते कुणाच्या दाराशी उभे राहून काही म्हणजे काही खात नसत. लग्नाचे पेढे असोत की शेजारणीने पुढे केलेली वाटी, 'घरात चल, बसून खाऊ' म्हणत. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती. बुद्धाची तसबीर त्या घरात तेव्हापासून आहे.

कोणते घर कुणाचे ते आम्ही मुद्दाम लिहीत नाही. मराठीत आडनाव सांगितले की बाकीचे वाचक स्वतःच ठरवतो, आणि त्याचे ठरवून झाले की मग काही सांगण्यात अर्थ उरत नाही.

वादातली गंमत अशी की पहाटे भिक्षा घालायला उत्सुक होते ते माधुकरीचे घर, ज्याचा बुद्धाशी संबंध पाठ्यपुस्तकापुरता. आणि ज्या घरात बुद्धवंदना होते त्याला ते दृश्य सहन होत नव्हते. "कुणीतरी भांडे पुढे करून चालते आहे आणि कुणीतरी वरून त्यात अन्न टाकते आहे, याला मी सुंदर म्हणू शकत नाही," हे वाक्य त्या संध्याकाळी बोलले गेले. बाबासाहेबांचा संदर्भही आला. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी जे प्रश्न उभे केले आहेत त्यांत एक भिक्षूबद्दलचा आहे : भिक्षू निर्माण करण्यामागे बुद्धाचा हेतू परिपूर्ण माणूस घडवण्याचा होता की समाजाचा सेवक? सेवक असेल तरच त्यांना त्यात आशा दिसत होती. आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडला जमलेल्या लोकांना त्यांनी शिळेपाके, टाकलेले तुकडे घेणे बंद करा असे बजावले होते. त्या माणसाने दिलेला बुद्ध घरात असताना भाताच्या या टोपलीकडे कसे पाहायचे?

माधुकरीच्या घराची बाजू अशी होती की इथले बहुतेक श्रामणेर डोंगरातल्या खेड्यांतली गरीब मुले आहेत. घरी शिकवण्याची ऐपत नाही, म्हणून विहारात येतात; तिथे शाळा आहे, राहायला जागा आहे, जेवण गावाने घालायचे. काही वर्षांनी चीवर उतरवून यातली पुष्कळशी मुले नोकरी धरतात, लग्न करतात. म्हणजे ही माधुकरीच आहे. यात लाज कसली?

"माधुकरीत लाज नव्हतीच," उत्तर आले. "मागणाऱ्याची जात देणाऱ्याइतकीच उंच होती. झोळी आत स्वयंपाकघरापर्यंत जात होती."

यापुढे थोडा वेळ बोलणे थांबले. काठावरच्या उपाहारगृहांचे दिवे पाण्यात हलत होते. तिकडे पाहणे सोयीचे होते.

मग जे बोलणे सुरू झाले ते वाद राहिले नाही, कारण दोघांच्याही डोळ्यांसमोर बोळाच्या तोंडाशी बसलेल्या मालकीणबाई होत्या. त्या गुडघ्यांवर बसलेल्या असतात. घेणारा उभा असतो. भात टाकण्याआधी त्या टोपली कपाळापर्यंत उचलतात. डोंगरातल्या, कदाचित दुसरीच भाषा बोलणाऱ्या, बारा वर्षांच्या पोरापुढे सत्तर वर्षांची घरंदाज बाई वाकते, आणि ते पोर तिच्याकडे पाहतदेखील नाही. भात वरून टाकला जातो, पात्राला हात लागू दिला जात नाही, बाईचा तर भिक्षूला स्पर्शही होता कामा नये. कृती जवळजवळ तीच आहे जी नगर जिल्ह्यातल्या त्या दारात होत होती. स्पर्श टाळणे दोन्हीकडे आहे. तिकडे देणाऱ्याला विटाळ होऊ नये म्हणून, इकडे घेणाऱ्याचे व्रत मोडू नये म्हणून. हावभाव उचलून नेता येतो. तो कुणाच्या बाजूने आहे हे त्या त्या गावात ठरते. येसकराला भाकरी घालताना गावातली एखादी पाटलीण अशी गुडघ्यांवर बसली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला. उत्तर द्यायची गरज दोघांनाही वाटली नाही.

यातून लाओ समाज समतेचा नमुना आहे असे कुणी समजू नये. डोंगरातले लोक आणि सखल भागातले लोक यांच्यातले अंतर चार दिवसांच्या पाहुण्यालाही जाणवते. रात्रीच्या बाजारात जमिनीवर कापड अंथरून भरतकाम विकणाऱ्या हमोंग बायका आणि रस्त्याकडेच्या सुबक दुकानांचे मालक ही दोन वेगळी जगे आहेत. त्याच बाजारात ॲल्युमिनियमचे चमचे मिळतात, बॉम्बच्या पत्र्यापासून केलेले. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, त्यासाठी सुमारे ५,८०,००० उड्डाणे केली. टाकलेल्या लहान बॉम्बगोळ्यांपैकी अंदाजे तीस टक्के तेव्हा फुटलेच नाहीत; शेतांत, रानांत ते अजून सापडतात. चमच्याला घासाघीस करणारे प्रवासी होते. आमच्यासमोर एकाने दोन चमच्यांच्या किमतीत तीन मिळवले आणि तो खूश झाला.

दुसऱ्या पहाटेची एक गोष्ट मागे राहिली, ती इथे सांगायला हवी. बोळाच्या शेवटी, बायकांच्या रांगेपासून थोडे दूर, तीन-चार मुले मोकळ्या टोपल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पुढे ठेवून बसली होती. ती द्यायला बसली असावीत असे आम्हांला वाटले. भिक्षूंची रांग त्यांच्याजवळ पोचली आणि उलटेच झाले : एकेका भिक्षूने आपल्या पात्रातला मूठभर भात, कधी एखादे केळे, त्या टोपल्यांत टाकले. चाल न मोडता, घेतले होते त्याच वेगाने. भिक्षू गरिबांना देतात हे वाचलेले होते. पण वाचताना तो दानधर्माचा प्रकार वाटला होता. समोर पाहिले तेव्हा त्यात दानाचा आविर्भाव औषधालाही नव्हता. घेणारी मुले हात जोडून बसली होती खरी, पण त्यांतल्या दोघांचे एका पिशवीवरून भांडण चालू होते आणि एकजण आधी पडलेला भात चघळत होता. त्यांच्या तोंडावर लाज शोधायला आम्ही गेलो होतो हे स्पष्टच आहे. ती सापडली नाही. नसेलच असे आम्ही म्हणत नाही. चाळीस पावलांवरून दुसऱ्याच्या मुलांच्या तोंडावरचे वाचता येते अशी आमची समजूत नाही.

त्या मुलांचा विषय नदीकाठच्या संध्याकाळी सगळ्यात शेवटी निघाला आणि तिथेच थांबला. येसकरीच्या घरातून एवढेच म्हटले गेले की आपले आजोबा अशा वेळी चघळत वगैरे नसावेत. माधुकरीचे घर यावर काही बोलले नाही. त्यांच्या आजोबांच्या गोष्टीत पाच घरांपैकी एक घर असे होते की जिथली बाई नेहमी दार अर्धेच उघडी. सणासुदीला ती गोष्ट सांगताना हे घर गाळले जाते, असे खोलीवर परतताना कळले. इतक्या वर्षांच्या सहवासात ते पहिल्यांदाच कळले.

तिसरा दिवस आम्ही बाकीच्या गोष्टींना दिला. सोळाव्या शतकातला वाट सियेंग थोंग हा विहार पाहिला. त्याच्या मागच्या भिंतीवरचे काचतुकड्यांचे झाड उन्हात फार सुरेख दिसते. फू सी टेकडी चढलो. सूर्यास्ताला तिथे इतकी गर्दी होती की सूर्य कुणाच्या तरी कोपराआड मावळला. दुपारी सायकलींवरून नाम खानच्या काठाने आंरी मुओ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या थडग्यापर्यंत गेलो. अंकोरच्या अवशेषांबद्दल युरोपात कुतूहल पसरले ते त्याच्या लिखाणामुळे. तो १८६१ च्या नोव्हेंबरात इथल्या जंगलात तापाने वारला. थडगे झाडीत हरवले होते, ते १९९० च्या सुमारास पुन्हा सापडले. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हते. प्रवाशाच्या थडग्याला भेट द्यायला प्रवासीही फारसे येत नाहीत.

चौथ्या पहाटे आम्ही खाली उतरलो तेव्हा मालकीणबाईंनी चटई नेहमीपेक्षा लांब अंथरली होती. त्यांना कुणी काही सांगितले नव्हते. रोज बोळाच्या तोंडाशी घुटमळणारी ही दोन माणसे आज तरी बसतील असा त्यांचा अंदाज असावा. टोपल्या दोन होत्या. येसकरीच्या घराने चपला काढल्या आणि बाईंच्या डाव्या हाताला गुडघ्यांवर बसायला सुरुवात केली. हे आदल्या दिवशी ठरलेले नव्हते. कारण नंतर विचारले तेव्हा उत्तर मिळाले की आमच्या घरात आजवर घालायला कुणी बसलेलेच नव्हते, तर बसून पाहावे. माधुकरीचे घर, ज्याने हा विषय काढला होता, ते उभेच राहिले आणि चपला सांभाळत राहिले. तेही ठरलेले नव्हते. त्याचे कारण अजून नीट सांगितले गेलेले नाही.

भात गरम होता आणि बोटांना चिकटत होता. बाई एका हाताने तो तोडून दाखवीत होत्या, फार मोठा गोळा नको, रांग मोठी आहे. सतरा पात्रे गेली. शेवटच्या श्रामणेराच्या वेळी टोपलीत फक्त खरवडीइतका उरला होता, तो त्याने थांबून घेतला.

बायका उठल्या, चटया गुंडाळल्या गेल्या. बाईंनी घराच्या उंबऱ्यावरूनच आम्हांला हाक मारली आणि स्वयंपाकघरातल्या टोपलीतला भात, त्यावर तिखट काळसर चटणी लावून, दोघांच्या हातांवर ठेवला. आत बसायला त्या बोलावतील असे वाटून आम्ही क्षणभर थांबलो. पण त्यांना विहारात कालवण पोचवायचे होते आणि त्या घाईत होत्या. आम्ही दाराशी उभ्याउभ्याच खाल्ले. चटणीला 'च्याव बोंग' म्हणतात आणि ती या गावची खासियत आहे. फार चांगली लागते. तिच्यात काय काय असते असे नातीला विचारले, तेव्हा तिने मिरच्या, लसूण आणि म्हशीचे वाळवलेले कातडे असे सांगितले. त्यावर आमच्यापैकी एकाचा घास थोडा अडखळला. कोणाचा, याचा अंदाज वाचकांनी करू नये. तो चुकण्याचा बराच संभव आहे.

दुपारच्या गाडीची तिकिटे काढलेली होती. व्हिएन्तियानला पोचायला दोनेक तास लागतात. बरीचशी वाट बोगद्यांतून जाते.